मावशीचे सोळा जीबी

अकोल्यात खोली बघायला गेले तेव्हा घरमालकिणीने मला जात विचारली नाही. मटण शिजवते का, घरी कोण येतं-जातं, हेही विचारलं नाही. ओट्यावर झेंडूच्या ढिगासमोर बसून ती हार ओवत होती. वय साठीच्या आसपास, सावळा रंग, चष्म्याला काळी दोरी. मान वर न करता तिने विचारलं, "लॅपटॉप हाये?"

मी हो म्हणाले. माझं पोटच त्यावर होतं.

"किती जीबी?"

"पाचशे."

आता तिने मान वर केली. "थे कपाट झालं. रॅम किती?"

मला वाटलं, बाईंनी कुठेतरी शब्द ऐकला असेल. चार म्हणून सांगितलं.

"अन् घेते किती?"

मला प्रश्नच कळला नाही. तिने दोरा दाताने तोडला आणि समजावून सांगितलं, की आता त्याच्यात चार आहे, ते ठीक. पण टाकायचीच ठरवली तर जास्तीत जास्त किती घेईल? मला माहीत नव्हतं. तीन वर्षं तो लॅपटॉप मी रोज उघडत होते. लेकराचं वय माहीत नसलेल्या आईकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं, आणि किल्ली दिली.

पुढे मी तिला मावशी म्हणू लागले. हा प्रश्न ती सगळ्यांनाच विचारते हे कळायला मला महिना लागला आणि त्याची सवय व्हायला वर्ष. नवा भाडेकरू, गॅसची टाकी आणणारा, लग्नाच्या हारांची ऑर्डर द्यायला आलेला नवरदेवाचा मामा, कोणीही सुटत नसे. लोक हसत. मी मात्र हसण्यापेक्षा दचकत असे, कारण दर आठ-पंधरा दिवसांनी ही बाई असं काही करायची की माझा हातातला घास हातात राहायचा.

एकदा तिचं बीपी वाढलं म्हणून मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये तिची जुनी नोंद शोधू लागले. ते क्लिक करत आणि वाट बघत. पुन्हा क्लिक करत, पुन्हा वाट बघत. तिसऱ्या वेळेला मावशी तपासायच्या टेबलावरून उतरली. पट्टा दंडाला तसाच होता, त्याची नळी मागे लोंबत होती. ती डॉक्टरांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली, एका हाताने त्यांचा माउस घेतला आणि दोन ठिकाणी क्लिक करून म्हणाली, की डॉक्टरसाहेब, मशीनमध्ये आठ टाकलेली आहे आणि विंडोज बत्तीस बिटची आहे, म्हणजे तुमची अर्धी रॅम फुकट पडलेली आहे. डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. मी शरमेने भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता वाचत होते. नंतर डॉक्टरांनी बीपी मोजलं तेव्हा ते उतरलेलं होतं.

बत्तीस बिट आणि चौसष्ट बिट म्हणजे काय, हे मला कॉलेजात कोणी नीट सांगितलं नव्हतं. मावशीने सांगितलं. म्हणाली, "गाडीत दहा पोते मावते. पन ड्रायव्हरले चारपर्यंतच मोजता येते. मंग बाकीचे सहा पोते गाडीत असून नसल्यासारखे." गाडी म्हणजे लॅपटॉपचा बोर्ड आणि ड्रायव्हर म्हणजे विंडोज. त्यामुळे दोघांनाही विचारावं लागतं. एकाने हो म्हणून भागत नाही.

बाळापूरकडचे एक सधन शेतकरी लेकीचा लॅपटॉप घेऊन आले होते. पातळ, चांदीसारखा, महागडा. पोरगी इंजिनीअरिंगला, तिला बत्तीस जीबी पाहिजे होती आणि बापाची हवं ते द्यायची तयारी होती. मावशीने बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या, नळाला हात लावला, झाकण खोललं आणि दोन मिनिटांत परत लावून टाकलं. आत रॅम बोर्डालाच चिकटवलेली होती. जागा नव्हतीच. ते गृहस्थ ऐकेनात, म्हणाले दुसरीकडे टाकून घेतो. मावशी म्हणाली, दुसरीकडे टाकून देतील, पण ती लॅपटॉपमध्ये नाही, तुमच्या खिशात हात टाकतील. ते रागावून निघून गेले. पुढच्या महिन्यात ते परत आले, पोरीसाठी कोणता घ्यावा हे विचारायला, आणि जाताना भाजीची टोपली ठेवून गेले.

नळाला हात का, तर अंगात वीज साठलेली असते, तिने चिप जळते. हे ती सांगायची तेव्हा हसू यायचं. पण मी नंतर शोधून बघितलं, खरं निघालं. तिचं जे जे मी शोधून बघितलं ते ते खरं निघालं, आणि दरवेळी मला धक्काच बसला. सातवी शिकलेल्या बाईचं खरं निघतं याचा धक्का बसावा, याची मला आता लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

ती माळ्याची. गावाबाहेर दीड एकर काळी जमीन, तिच्यात झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. नवरा लवकर गेला. एकच मुलगा. तो अमरावतीला इंजिनीअरिंगला लागला तेव्हा तिने दसरा-दिवाळीच्या झेंडूतून त्याला लॅपटॉप घेऊन दिला. वर्षभरात तो रडायला लागला, की लॅपटॉप चालत नाही. दुकानदाराने सांगितलं, रॅम वाढवा. तिने आठ जीबी करून घेतली. घरी येऊन पोराने बघितलं तर मशीन तीन जीबी आणि वर थोडी, एवढीच दाखवत होती.

मावशीला वाटलं, दुकानदाराने अर्धी काढून घेतली. ती भांडायला गेली. दुकानदार हसला आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "बाई, हे काही फुलं मोजायचं काम नाही."

ती घरी आली आणि पोराच्या जुन्या वहीची कोरी पानं फाडून तिने एक रजिस्टर शिवलं. मोबाइलवर हिंदी व्हिडिओ लावायचे, थांबवायचे, लिहायचं. मी ते रजिस्टर पाहिलंय. पहिल्या पानावर मोठ्या, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'जागा किती. बोर्ड किती घेते. विंडोज किती मोजते. तिन्ही पाहा मग पैसे दे.' दीड महिन्याने ती त्याच दुकानात गेली आणि त्याच्याच गिऱ्हाइकांसमोर त्याला सांगून आली, की रॅम पूर्ण होती, चोरी तू केली नाहीस, पण तुला तुझा धंदा येत नाही. त्यानंतर ती थांबलीच नाही. आधी नात्यातले लोक मशीन घेऊन आले, मग गल्लीतले, मग कुठले कुठले. ती मजुरी घेत नसे. फक्त, याच्यावर तुम्ही काय काम करता, हे बैजवार सांगावं लागे. सिनेमे बघण्यासाठी जास्त रॅम मागणाऱ्याला ती सरळ परत पाठवायची.

मी धारणीची. वडील तिथे शाळेत शिक्षक. तिथे तेव्हा नेटचा भरवसा नव्हता, म्हणून अकोल्याला खोली. एका कंपनीसाठी मी घरून काम करायची. गावांचे जुने, हाताने काढलेले शेतांचे नकाशे उपग्रहाच्या चित्रावर बसवायचे, धुरे, म्हणजे शेतांच्या हद्दी, जुळवायच्या. वडिलांशी ठरलं होतं, की नोकरी आहे तोवर लग्नाचा विषय नाही, नोकरी गेली की धारणीला परत. त्यांनी एक स्थळ बघूनही ठेवलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर कंपनीचा मेल आला. दिवाळीनंतर नवीन सॉफ्टवेअर, त्याला चौसष्ट बिटची विंडोज लागेल आणि सोळा जीबी रॅम. ज्यांची मशीन चालणार नाही त्यांचं काम थांबवण्यात येईल. मी लॅपटॉप घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने नुसतं मॉडेलचं नाव बघितलं आणि सांगितलं, हा आठच्या वर घेत नाही, नवीन घ्या. नवीन घेण्याची माझी ऐपत नव्हती. मी खोलीवर येऊन कपड्यांची बॅग खाली काढली.

मावशी दारात आली. बॅगेकडे बघून तिने काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "आठ घेते, हे त्यानं पाह्यलं का तुले सांगतलं?" मी म्हणाले, सांगितलं. "मंग आन इकडं."

तिने लॅपटॉपच्या पडद्यावर एक काळी चौकट उघडून तिच्यात इंग्रजी आज्ञेची एक ओळ टाइप केली. लांबलचक आकडा आला. तो तिने कागदावर उतरवला, दोनदा भागाकार केला आणि सोळा काढून दाखवले. पण तेवढ्यावर तिचा विश्वास नव्हता. ही ओळही कधी कधी खोटं बोलते म्हणाली. तिने झाकण खोललं, दोन जागा मोजल्या, एक रिकामी होती. मग प्रोसेसरचा नंबर घेऊन तो बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन बघितलं. तासाभराने चष्मा काढून म्हणाली, बोर्ड सोळा घेतो. विंडोज मात्र तुला बत्तीसची टाकून दिलेली आहे, ती मी बदलून देते. तू दिवाळीला घरी जा, लॅपटॉप इथे ठेव.

रॅम कुठून आणणार, असं मी विचारलं. ती म्हणाली, पाहू.

भाऊबीज करून परत आले तेव्हा लॅपटॉप माझ्या टेबलावर होता. सुरू केला. सोळा जीबी, चौसष्ट बिट. जो नकाशा उघडायला मी पूर्वी चहा करून यायची, तो डोळ्यांदेखत उलगडला. मी धावत ओट्यावर गेले. मावशीला विचारलं, कुणाकडून आणली, किती द्यायचे. तिने हात झटकला. "घरातलीच व्हती. तुया कामाची, त्याच्या नाही."

घरातली म्हणजे तिच्या पत्र्याच्या डब्यातली असेल, असं मी धरून चालले. तो डबा जुन्या सुट्या भागांनी भरलेला असायचा. 'त्याच्या' म्हणजे कुणाच्या, हे मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारावंसं वाटलं नाही.

दोन महिने गेले. नवीन सॉफ्टवेअरवर माझे दोन पगार झाले. एका दुपारी मी मावशीसोबत ओट्यावर बसून शेवंती निवडत होते. तिच्या मुलाचा फोन आला. तिचे हात ओले, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकून खाली ठेवला. तो तेव्हा अमरावतीत एका मोठ्या ऑफिसात होता. सुरुवातीलाच त्याने विचारलं, ती खोलीवाली मुलगी दिवाळीत घरी होती का.

मावशी म्हणाली, नव्हती.

तो म्हणाला, विचार नीट, कारण माझ्या लॅपटॉपमधून कोणीतरी रॅम काढलेली आहे. सोळा होती, आठ झालीय. आत रॅमच्या दुसऱ्याच काड्या आहेत. तुझ्याशिवाय घरात फक्त तिचीच ये-जा होती आणि तिला असली गरज होती, तूच सांगितलं होतंस.

माझ्या हातातलं फूल तसंच राहिलं. कोणी मला चोर म्हटल्याची ती आयुष्यातली पहिलीच वेळ. मी मावशीकडे बघितलं. ती अगदी शांत होती. पदराला हात पुसत तिने सांगितलं, "थे मी काढली."

"तू?" तो पलीकडून म्हणाला.

मग तिने सगळं सांगितलं, एखाद्याने शेताला पाणी सोडल्याची हकिगत सांगावी तसं. दिवाळीत तू दोन संध्याकाळी लॅपटॉप घेऊन बसला होतास. मी मागे बसून बघितलं. तुझं काम पाच जीबीच्या वर जात नव्हतं. मेल बघतोस, मॅच बघतोस. सोळा तुला कशाला? तू झोपल्यावर आठ-आठच्या दोन काढल्या आणि चार-चारच्या दोन घातल्या. तुला आठ ठेवली, पाच लागत असताना. दोन महिने तुला कळलंही नाही, म्हणजे माझा हिशोब बरोबर होता. हिची नोकरी चालली होती.

मुलगा म्हणाला, "आई, तो लॅपटॉप माझा नाही. ऑफिसचा आहे."

मावशीने फोन उचलून तोंडाजवळ धरला. त्याचा आवाज चढला. ऑफिसात सगळ्या मशीनची मोजणी झाली होती. यादीत सोळा, मशीनमध्ये आठ. शुक्रवारपर्यंत खुलासा मागितला होता, नाहीतर चौकशी. खाली नंबराचं स्टिकर तुला दिसलं नाही का, त्याने विचारलं. तिला दिसलं होतं. तिला वाटलं होतं, दुकानाचं असेल.

फोन ठेवल्यावर तिने निवडलेली शेवंती बाजूला सारली. मग म्हणाली, "लोकाच्या मशीनले हात लावला मी." आजवर तिने शेकडो लोकांच्या मशीन खोलल्या होत्या. पण तिच्या लेखी हे वेगळं होतं, कारण आजवर तिने विचारल्याशिवाय एकही खोललेली नव्हती. मुलाची मशीन ती आपली समजत होती.

त्याने कुरिअर करायला सांगितलं होतं. तिला ते पटेना. काड्या दबतात म्हणाली. मग त्याने सांगितलं, अमरावतीच्या बसस्टँडवर ये, मी घ्यायला येतो, ऑफिसात येऊ नको. हेही तिला पटेना. काढली मी, तर सांगणार मी. साहेबासमोर उभी राहून सांगते, साहेबासमोरच परत बसवून देते, पोराच्या नावाला बट्टा का? मी तिला दोनदा समजावलं. ती ऐकणारी नव्हती. शेवटी मीही निघाले. माझ्यामुळे झालं होतं.

त्या सकाळी तिने माझ्या लॅपटॉपमधून दोन्ही काड्या काढल्या, फोमच्या तुकड्यात गुंडाळून प्लास्टिकच्या डबीत ठेवल्या. माझी मशीन त्या दिवशी सुरूच होऊ शकत नव्हती. तिने लग्नाकार्याचं पातळ नेसलं होतं. पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, डबी आणि साहेबासाठी गुलाबाची वीस फुलं, ओल्या फडक्यात. बसच्या खिडकीतून मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, ती रस्ताभर ओठांतल्या ओठांत काय बोलायचं ते घोकत होती. मला दोन-तीनदा विचारलं, परवानगी न घेता हा शब्द बरोबर आहे का.

ऑफिस काचेचं होतं. दारावरच्या शिपायाने मुलाचं नाव विचारून फोन लावला आणि आम्हाला आतल्या सोफ्याजवळ उभं केलं. मावशी सोफ्यावर बसली नाही, पातळ चुरगळेल म्हणून.

मुलगा आला तो एकटा नव्हता. जेवणाची सुट्टी होत असावी. त्याच्यासोबत त्याचे साहेब होते आणि आणखी दोघे, एक मुलगी, एक मुलगा, गळ्यात ओळखपत्रं. आम्हाला बघून तो जागीच थांबला. त्याचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. तो रागावलेला नव्हता. घाबरलेला होता, लहान मूल घाबरतं तसा.

साहेबांनी सहज विचारलं, "कोण?"

तो म्हणाला, "आमच्याकडे फुलं देणाऱ्या बाई आहेत. आईनं काहीतरी पाठवलं असेल."

मी मावशीच्या अगदी जवळ उभी होते. मला वाटलं, आता ही बोलेल. दुकानदाराला सोडलं नाही, डॉक्टरला सोडलं नाही. मला ती बोलावी असंही वाटत होतं.

साहेब चांगले गृहस्थ होते. हसून म्हणाले, "हां, याच्या आई कॉम्प्युटर शिकवतात ना अकोल्याला? सांगत असतो हा नेहमी."

मुलाने जमिनीकडे बघितलं. मी मावशीकडे.

"हो साहेब," मावशी म्हणाली. "लय हुशार बाई हाये थे."

तिने पिशवीतून डबी काढली आणि दोन्ही हातांनी मुलापुढे धरली. "तुमच्या आईनं देलं. सांगतलं हाये का आधी बॅटरीची पट्टी काढजा, मंग बसवजा." त्याने डबी घेतली. मावशीने साहेबांना नमस्कार केला, मागे वळली आणि काचेच्या दाराकडे चालू लागली. गुलाबाची फुलं तिने जाता जाता शिपायाच्या टेबलावर ठेवली.

बाहेर आल्यावर मी परत दाराकडे वळले. मी म्हणाले, मावशी, मी आत जाऊन सांगते. तिने माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण सुटणार नाही असं. म्हणाली, "तुयी रॅम घ्याची हाये न? दुकानं बंद होतीन दुपारची."

आम्ही खरंच रॅम घ्यायला गेलो. माझ्या पगारातून घ्यायची होती. ती दुकानात नेहमीसारखीच वागली. काडीवरचा नंबर चष्मा पुढे-मागे करून वाचला, वेग जुळतो की नाही बघितलं, दुकानदाराने आठ-आठच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्या म्हटल्यावर त्याला दोन सारख्या का लागतात ते समजावून सांगितलं. दुकानदाराने तिला खुर्ची दिली. मी बाजूला उभी राहून तिच्याकडे बघत होते आणि मला तिची भीती वाटत होती. तासाभरापूर्वी पोटच्या पोराने जिला ओळख दिली नाही, ती बाई काडीवरचा नंबर वाचू शकते, याने मी ऑफिसातल्यापेक्षा जास्त हादरले होते.

परतीच्या बसमध्ये ती एकदाच बोलली. मूर्तिजापूरच्या अलीकडे. "हापिस चांगलं हाये त्याचं," म्हणाली. "थंडगार."

मुलाची नोकरी वाचली. काड्या त्याने स्वतःच बसवल्या, साफसफाईसाठी काढल्या होत्या असं काहीतरी सांगितलं आणि ते चालून गेलं. माझीही नोकरी राहिली. धारणीचं स्थळ दुसरीकडे जमलं.

मावशीत काही फरक पडला असं बाहेरच्या कोणाला सांगता आलं नसतं. पहाटे तोडणी, सकाळी बाजार, दुपारी हार आणि लोकांच्या मशीन. मला फरक कळला तो महिनाभराने. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. तिचा फोन वाजला. ती म्हणाली, "हां साहेब, बोला." मला वाटलं, गिऱ्हाईक. ती ऐकत होती, मधून मधून अगदी मऊ आवाजात उत्तर देत होती. होय, तब्येत बरी आहे. होय, गोळ्या घेते. नाही, काही लागत नाही, आपण काळजी करू नका. शेवटी म्हणाली, "बरं साहेब, जेवून घ्या येळेवर." गोळ्या आणि जेवणावरून मला उमजलं की पलीकडे तिचा मुलगा आहे. ओला टॉवेल माझ्या हातातून मातीत पडला.

त्यानंतर मी कान देऊन ऐकू लागले. दर आठवड्याला फोन यायचा आणि दरवेळी ती त्याला साहेबच म्हणायची. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर बरं झालं असतं. बाळापूरच्या त्या गृहस्थांशी ती जितक्या अदबीने बोलायची तितक्याच अदबीने ती त्याच्याशी बोलायची. आपण, आपलं, आपल्याला. पोळ्याला तो घरी आला तर तिने पुरणपोळी केली, गरम गरम वाढली, आणि विचारलं, "साहेब, आनखी घेता?" तो अर्ध्या जेवणावरून उठला आणि मागच्या अंगणात जाऊन बराच वेळ तसाच उभा राहिला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी त्याने मला फोन केला. आधी माफी मागितली, चोर म्हटल्याची. मी म्हणाले, झालं ते झालं. मग म्हणाला, त्या दिवशी ते तोंडातून कसं निघालं मला माहीत नाही. ऑफिसात मी सगळ्यांना सांगितलं होतं की आई कॉम्प्युटरमधली आहे, ते खोटं नव्हतं. पण ती ते पातळ नेसून, ती पिशवी घेऊन समोर उभी राहिली आणि मला काही सुचलंच नाही. मी तिच्या पाया पडलो, ती म्हणाली, साहेब, हे काय करता. मी काय करू? तुम्ही तिला एकदा सांगा, मला नावानं हाक मार म्हणून. पाहिजे तर शिव्या दे.

मी म्हणाले, सांगते. फोन हातातच धरून मी ओट्यावर गेले. मावशी एका जुन्या लॅपटॉपचा पंखा ब्रशने झाडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि तो जे म्हणाला ते सगळं सांगितलं. तो रडत होता हेही सांगितलं. आता राग सोड, म्हणाले, किती दिवस ठेवशील.

तिने ब्रश खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत खरोखरच राग नव्हता, आणि मला तेच सहन होईना.

"मी कायले रागावू व माय," ती म्हणाली. "चार लोकाइत त्यानं जे नातं सांगतलं, थे मी निभावून राहिली. मोडलं त त्याचा शब्द खोटा पडते न."

ती पुन्हा पंख्याकडे वळली. मी उठले. फोन ठेवून द्यावा म्हणून हातात बघितला, तर कॉल सुरूच होता. पलीकडून काही आवाज येत नव्हता. पण सेकंद पुढे सरकत होते.